अक्कांचं हसू आणि नवा कॅमेरा

रविवार, शिरपूर

आज लग्नात नवा, आवाज न करणारा मिररलेस कॅमेरा पहिल्यांदाच वापरला. रंग मात्र जुन्या डीएसएलआरचेच छान, हे मी अजूनही म्हणेन. पण त्याचा तो खट्ट आवाज! नवरीची आजी, अक्का, तो ऐकला की चेहरा दगडासारखा करायच्या. त्यांचा हसरा फोटो घरात एकही नाही, असं नवरी म्हणाली होती. मग नवा काढला. खट्ट नाहीच. अक्का खट्टची वाट बघून कंटाळल्या. "काय रे भाऊ, फोटू निंघना का नही?" म्हणत नातीकडे वळल्या आणि खळखळून हसल्या. तेवढ्यात मी टिपलं. यापुढे लग्नात आधी नवाच, ठरलं. नवरीनं स्क्रीन अक्कांपुढे धरली. स्वतःलाच न ओळखल्यासारखं बघून त्या हळूच म्हणाल्या, "हाई मी शे?"