अंगावरून गेलेलं वारं

गुरुवार, संध्याकाळ. वर्तकनगर.

आजही तेच. बाबांचा उजवा हात चादरीवर तसाच पडलेला. आत्या सकाळी कोपरहून आली आणि दारातूनच शेजारच्या काकूंना सांगत सुटली, "दादाच्या अंगावरून वारं गेलं हो." मी पक्षाघात म्हणते. शब्द बदलून काय होतं? हात तसाच.

दुपारी माझ्या ग्रहाचं काम घेऊन त्यांच्या उशाशी बसलेले. कुठल्या तरी दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, एक बाजू कायम उजेडात, दुसरी कायम अंधारात. चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रकाशावरून तिथले ढग कुठे, वारा किती, हे काढायचं. आजारपणाआधी बाबा रोज विचारायचे, "काय गं, आज वारा किती?"

आज पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून काही आलं. "वा... वा..." एवढंच. मला इतका आनंद झाला! लॅपटॉप त्यांच्यापुढे धरून सगळं सांगत बसले, उजेडाकडून अंधाराकडे वारा कसा सुसाट जातो ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, कळतंय त्यांना.

आत्या चहा घेऊन आली आणि तिने आधी पंखा बंद केला. "अगं, गारठलाय तो. वारा लागतोय म्हणतोय तुला कधीचा!"

आणि मी म्हणे वाऱ्याचा अभ्यास करते.

मी त्यांचा तो उजवा हात चादरीखाली घेऊन चोळत बसले. बाबा पुन्हा काहीतरी म्हणाले. ह्या वेळी आत्यालाही कळलं नाही.