खालची ओळ वाचा

भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पडसं आणि तुझ्या आईचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील. (आधी पडसं उतरलं असणार.)

मी तुझ्याएवढी असताना तुझी आई मला म्हणाली होती, "अगं, बोलताना माणसाकडे बघ की! त्याच्या चपलांशी काय बोलतेस?" तेव्हापासून सराव चालू आहे. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं डोळे तपासते, म्हणून लोकांना वाटतं मला जमलं. तुलाही वाटतं, नाहीतर "मावशी, तुला भीती कशी वाटत नाही गं?" असं विचारलं नसतंस. खरं सांगू? दुकानात मी डोळा बघते, माणूस नाही. बुबुळाला कोण घाबरतं?

गेल्या आठवड्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका चष्म्यासाठी आल्या आणि माझ्या थेट नजरेवर खूश झाल्या. मुलींना शिष्टाचार आणि आत्मविश्वास यांवर चार शब्द सांगा, म्हणाल्या. तोंडावर नाही म्हणायला काल त्यांच्या खोलीत गेले. तीन वाक्यं पाठ. पाठ ताठ. (हातांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मुली कुठे ठेवता?) बाईंच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, तर या खेपेला डोळ्यांमागे अख्ख्या बाई बसलेल्या दिसल्या. तिन्ही वाक्यं पळाली आणि तोंडातून आपोआप निघालं, "डावा डोळा झाका. आता खालची ओळ वाचा."

आणि त्यांनी झाकला गं! निमूट, तळहाताने. माझ्या पाठीमागे भिंतीवर पाटी होती, तिच्यावरचं वाचलं, "विनाकारण बोलू नये." चहा घेऊन आलेला शिपाई दारातूनच मागे फिरला. मग डोळा उघडून बाई म्हणाल्या, "बघा, हाच तो आत्मविश्वास!" शनिवार ठरला.

कालपासून एकच विचार डोक्यात आहे. बाईंनी डोळा का झाकला? त्याही मला घाबरल्या असतील का? तसं असेल तर सगळेच घाबरलेले असतात, कुणीतरी आधी बोलून टाकतं, इतकंच. मुलींना हे सांगितलं तर शिष्टाचारात बसेल?

तुझी,
मावशी

ता.क. शाळा तुझीच. वर्ग नववीचा, म्हणजे तोही तुझाच.

आणखी एक ता.क. "शाळेत आपली ओळख नाही" हा तुझा नियम मला पाठ आहे. तरी पहिल्या बाकावर बसशील? माझी नजर चपलांकडे घसरली की नुसती भुवई उचल. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. पण घरी येऊन, माझ्याकडे बघून म्हण. कसं म्हणतात ते मला एकदा बघायचंय.