लातूरचं घर, औशाचा हापसा

१६ ऑगस्ट १९८२, औसा

जिल्हा झाला! आजपासून लातूर स्वतःच्या पायावर — उस्मानाबादचे हेलपाटे बंद. ह्यांनी अडतीवर पेढे वाटले, हमालांनासुद्धा. घरी आले ते टोपीवर गुलाल घेऊन. पन्नाशीचा माणूस, पण पोरासारखा नाचत होता! "आता कचेऱ्या येतील, साहेब येतील, घरं बांधतील. सिमेंट कोन विकनार? आपला गुरुलिंग!"

म्हणजे ठरलंच. पोराला लातूरला सिमेंट-लोखंडाचं दुकान.

पाऊस मात्र नाही. मूग उभ्या जागी वाळला. पेढा खाऊन मी पाणी प्यायला गेले तर रांजण तळाला.

५ सप्टेंबर

गुरुलिंग आणि सून लातूरला गेली. भाड्याची जागा आहे सध्या. ट्रकवर कपाट चढवलं, पलंग चढवला. जाताना म्हणाला, "आई, चार महिन्यांचा सवाल हाय. घर बांधलं की तुमी दोघं बी तिकडंच."

संध्याकाळी सवयीनं चौघांच्या भाकरी केल्या.

२० सप्टेंबर

ह्यांनी लातूरच्या घराचा नकाशा आणला. जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. "स्वयंपाकघर तुझ्या मनासारखं करू. बोल, कट्टा कुठं? खिडकी कुनीकडं?"

मी नकाशावरच्या रेघा मोजत राहिले.

"अगं, तुला काय पायजे ते सांग की!"

कट्ट्याचं सोडा — मला काय पायजे हेच मला माहीत नाही! चव्वेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं ते पण कट्ट्याबद्दल. शेवटी मीच म्हणाले, "कुठंही करा." हे खूश! नकाशाची गुंडाळी करून गेले.

मला रडू आलं. कशाचं ते कळलं नाही.

११ ऑक्टोबर

पाळी बंद झालेली दिसते. अंगात मधेच वाफ उठते, मानेवरून घाम. घर खायला उठतं. पूजा झाली की दिवस संपला!

शेजारच्या दिलशादला सांगितलं. तिच्या नवऱ्याचं — जिलानीभाईचं — सायकलचं दुकान आहे चौकात. गिऱ्हाईक जास्ती झालं की पंक्चरच्या ट्यूबा घरी येतात आणि ही मागच्या परड्यात बसून पंक्चर काढते. हात काळे, तोंड चालू. ऐकून हसत सुटली. "सुटलात की भाभी! मी तर वाट बघून राहिले!" मग म्हणाली, "बसून नका राहू. ही ट्यूब धरा."

धरली. बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

दिवाळी लातूरला. घराचा पाया खणलाय. सगळे कौतुकानं खड्ड्यात बघत होते. मी पण बघितलं.

९ जानेवारी १९८३

गल्लीतला हापसा बंद पडला. दांडा खालीवर होतो, पाणी येत नाही. आड तर दसऱ्यालाच आटला. पंचायतीनं लातूरला कळवलंय. एक गाडी, दोन मिस्त्री, आणि सगळ्या तालुक्यातले हापसे बिघडलेले!

आमच्याकडं गड्याच्या डोक्यावर पाणी येतं. पण गल्लीतल्या बाया किल्ल्याच्या पलीकडं जातात घागरी घेऊन. दिलशाद पण. पाय सुजलेत तिचे.

१७ जानेवारी

आज गंमतच! दिलशादनं जिलानीभाईचे पाने आणले आणि हापशाचं डोकं उघडलं. "भाभी, झाकन धरा." धरलं. आत डोकावले — सायकलीसारखी साखळी! तिचा एक बोल्ट तुटला होता, खालची सळई लोंबकळत होती. दुकानातला नवा बोल्ट दिलशादला बसवता येईना, तिचा हात जाड. माझा गेला. बांगड्या वर सारल्या, गळ्यातलं लिंग पदराआड खोचलं, आणि बसवला की!

दांडा मारला. कोरडा. परत मारला. मग घरघर झाली आणि पाणी!!

बाया ओरडल्या. मी तर लाजून घरात पळाले. आरशात पाहिलं — गालावर ग्रीस. पुसलंच नाही बराच वेळ.

१८ जानेवारी

ह्यांच्या कानावर गेलंच. "वान्याची बाई भर रस्त्यात पाना घेऊन? काय राहिलं आपलं मोंढ्यात, व्यापाऱ्यांत?" जेवले नाहीत.

२४ फेब्रुवारी

पंचायत समितीतर्फे बायांना हापसा दुरुस्ती शिकवणार आहेत म्हणे! नांदेडला. मानधन मिळेल, हत्यारांची पेटी मिळेल. जोडीजोडीनं घेणार, जोडीतल्या एकीला लिहिता-वाचता यायला पायजे. दिलशाद पळत आली. "भाभी, माझं डोकं चालतं, तुमचं वाचन. चला!"

सातवी पास आहे मी. ती सातवी आजपर्यंत कशालाच लागली नव्हती.

हो म्हणून बसले. घरात विचारलं पण नाही! आणि तरी आतून हसू.

२५ फेब्रुवारी

भांडण. मोठं.

"त्या हापशात चामड्याचे वायसर असतात, ठाऊक हाय का? गळ्यात लिंग, आन् चामड्याला हात लावनार?"

"तुमच्या पायात चप्पल कशाची हाय?"

तोंडातून निघून गेलं! पंचवीस वर्षांच्या संसारात मी असं बोलले नव्हते. ह्यांनी दारातल्या चपलेकडं पाहिलं. मग म्हणाले, "गुरुलिंगला काय सांगू?"

"सांगा, आई नांदेडला गेली."

७ मार्च, नांदेड

पहिल्यांदा घराबाहेर एकटी. एकटी कसली, दिलशाद आहे! चाकूरपासून पुढं दोन्ही बाजूला रानं भुंडी, गुरं रस्त्यावर. ही मात्र गाडीत दोन सीटा अडवून झोपली.

शिकवणारे व्यंकटी मिस्त्री. देगलूरकडचे, बोलण्यात तेलगूचा हेल. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अम्मा, एकच गोस्ट ध्यानात धरा. पाईप वर काढताना हातातून सुटला, तर तो बोअरमध्ये गेला. पाईप गेला की बोअर गेला. बोअर गेला की गाव गेलं."

झोप येईना. वसतिगृहातल्या लोखंडी खाटेवर पडून पाईप, सळया, सिलिंडर पाठ केले — परीक्षेला बसल्यासारखे.

१२ मार्च

अर्धापूरला नेलं, खऱ्या हापशावर. केळीच्या बागा माना टाकून उभ्या. सगळे पाईप वर काढले, तळातलं पितळी सिलिंडर उघडलं. वायसर झिजून चिंधी झालेला. नवा चामड्याचा वायसर तेलात भिजवून मीच घातला. लिंगाला हात लावून "शिवा शिवा" म्हणाले आणि घातला. काही आकाश कोसळलं नाही.

दिलशादला उचलायचं जमतं, मला जुळवायचं. व्यंकटी मिस्त्री म्हणाले, "तुमी दोघी मिळून एक बेस मिस्त्री."

आज दिवसभरात एकदाही वाफ उठली नाही. की उठली पण मला कळली नाही?

३ एप्रिल

औशात परत. पेटी मिळाली. लोक हसतात. एक जण म्हणाला, "काकू, मोटारी बी दुरुस्त करता काय?" दिलशाद म्हणाली, "करतो की! आधी तुझं तोंड करतो!"

हे बोलत नाहीत. पण आज पेटी ओट्यावर राहिली होती ती आत आणून ठेवली. मी पाहिलं.

१९ एप्रिल

गुरुलिंग आला होता. घराला स्लॅब पडला. "आई, हे काय लावलंय? तिकडं सगळं तयार करून राहिलो तुमच्यासाठी." चांगला पोरगा आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा जीव हलला. दिवसभर वाटत होतं, मीच चुकते का? भरल्या घराला लाथ मारते का?

रागानं जायचं नाही म्हणते, की खरंच काही पायजे म्हणून? हे एकदा नीट कळायला पायजे. तोवर कुणाला काही बोलायचं नाही.

१४ मे

आजचा दिवस!

औशापासून कोसभर आतली वाडी. एकच हापसा, तोही बंद. बैलगाडीनं गेलो. ऊन असं की पान्याला हात लावला की चटका. घागरींची रांग पार देवळापर्यंत, बाया घागरीच्या सावलीला डोकं घालून बसलेल्या. पुरुषमाणसं सगळी दुष्काळी कामावर, खडी फोडायला. म्हणजे पाईप ओढायला कोण? कस्तुराबाई म्हणून एक म्हातारी पुढं झाली. "आमी काय मेलोत का? सांगा कसं धरायचं ते."

बायांनीच ओढलं! एकेक पाईप वर यायचा, मी बोअरच्या तोंडावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळायचे, दिलशाद वरचा सोडवायची. शेवटचे दोन राहिले असताना शिकंजा घसरला. पाईप खाली निघाला!

विचार केला नाही. दोन्ही हातांनी पाईपला मिठी मारली आणि जमिनीवर बसले. तळहात सोलला, खांद्यात कळ गेली. पाईप घसरतोच आहे! "दिलशाद!!" ती शिकंज्यावर अक्षरशः पडली, पाना मारला, आवळला. थांबला. वीतभर राहिला होता तोंडाशी.

मी बसल्या जागेवरूनच पाईपाचा जोड चाचपायला लागले. कस्तुराबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "दम खा बाई. पानी कुटं पळतंय."

दम खाल्ला. परत उठले. सिलिंडर काढलं, वायसर बदलले, सगळं उलट्या क्रमानं खाली सोडलं. दिलशादनं दांडा मारायला घेतला. कोरडा... कोरडा... बायांचे चेहरे बघवेनात. आणि मग गढूळ, लाल, फसफसत — पाणी! मग स्वच्छ!

एकदम ढकलाढकल झाली. म्हातारी सगळ्यांवर खेकसली, "मागं सरा! आदी मिस्त्रीनबाईला प्यायला द्या!"

मिस्त्रीणबाई! मी प्याले. लोखंडाची चव होती. असं पाणी जन्मात प्याले नव्हते.

परत येताना बैलगाडीत हाताला फडकं बांधून बसले होते. दिलशाद गाणं म्हणत होती, बेसूर. आणि एकदम कळलं. कुणी सांगितलं नाही, कसला दृष्टान्त नाही. सरळ कळलं. मला हे पायजे. मला लातूर नको आहे असं नाही, गुरुलिंग नको आहे असं नाही. मला सकाळी पेटी उचलून जिथं माझी वाट बघतात तिथं जायचं आहे. रोज. हात चालतात तोवर.

एवढंच होतं! आणि एवढ्यासाठी मी रडत होते!

२८ मे

ह्यांनी सांगितलं — औशाचं घर विकलं, विसार घेतला. अडत पण लातूरच्या मोंढ्यात. "आता सामान बांधायला घे."

मी भाकरी थापत होते. थापतच म्हणाले, "मी येत न्हाई."

"डोकं फिरलं का?"

"न्हाई. पहिल्यांदा जाग्यावर हाय."

"लोक म्हनतील, नवऱ्यानं टाकली."

"सांगा त्यांना, टाकली न्हाई. ती राहिली."

आवाज चढला नाही माझा. भांडायचं नव्हतंच. लातूरला सणावाराला येईन, सुनेच्या बाळंतपणाला येईन, बोलावलं तर त्या आधीही येईन. हे सगळं नीट सांगितलं. हे ताटावरून उठले, ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले आणि माझ्या हाताची पट्टी बघून म्हणाले, "हळद लावलीस का?" बास. एवढंच.

६ जून

दिलशादच्या परड्याला लागून खोली घेतली. माझ्या नावानं. आज पेटी, चूल आणि पूजेचं सामान नेलं.

संध्याकाळी हे दारात येऊन उभे. हातात ट्रंक! म्हणाले, अडत औशातच ठेवतो, लातूर गुरुलिंगला पुरे. मग खोलीकडं बघत, खाली मान घालून — "दोघांना जागा पुरंल का?"

मी म्हणाले, "इचार करून सांगते."