ठमीचा डावा डोळा

४ सप्टेंबर

नाही जमलं! सात वेळा प्रयत्न केला आणि सातही वेळा लेन्स ठमीच्या गालावर.

दवाखान्यातल्या लेन्सवाल्या बाईंनी करून दाखवलं तेव्हा किती सोपं वाटलं होतं. पोरीला चादरीत घट्ट गुंडाळायचं, हात आत. एकाने डोकं धरायचं. दुसऱ्याने अंगठ्याने वरची पापणी उचलायची, लेन्सची कड तिच्याखाली सरकवायची, खालची पापणी ओढून सोडायची. बाईंनी माझ्याशी गप्पा मारता मारता केलं. मग काढली आणि म्हणाल्या, आता तुम्ही.

ठमी तीन महिन्यांची आहे. एवढीशी पापणी, पण काय जोर! मिटली की मिटली.

बायकोचे हात थरथरतात म्हणून हिने डोकं धरायचं ठरलं. "तुझा हात चांगला आहे, तूच घाल." हात चांगला म्हणजे काय, तर मी मोबाइल दुरुस्त करतो. दिवसभर चिमट्याने तिळाएवढे स्क्रू उचलतो. पण स्क्रू किंचाळत नाहीत. शेवटी बाईंनीच घातली आणि आम्ही नाक मुठीत धरून घरी आलो.

५ सप्टेंबर

मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो असं मी आजवर समजत होतो. ठमी तो घेऊनच जन्मली, डाव्या डोळ्यात. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन करून काढला. आता त्या डोळ्यात आतलं भिंगच नाही, म्हणून बाहेरून लेन्स. उजवा डोळा ठणठणीत आहे आणि इथेच घोडं पेंड खातं. एक डोळा चांगला असला की मेंदू दुसऱ्याची वाटच पाहत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या काही महिन्यांत डाव्या डोळ्याने चित्र पाठवलं नाही तर मेंदू त्याला कायमचं वाळीत टाकतो. पुढे कितीही भारी लेन्स घाला, उपयोग नाही.

म्हणून रोज चार तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. नशीब बघा! जो डोळा चांगला वागतोय त्यालाच शिक्षा.

लेन्स दोन प्रकारच्या होत्या. टणक: डोळ्याचं माप घेऊन बनवायची, रोज सकाळी घालायची, रोज संध्याकाळी काढायची. मऊ: आतच राहते, पंधरा दिवसांतून एकदा काढून धुवायची. फक्त ती मऊ असल्याने कधी निसटली तर कळत नाही, म्हणून रोज टॉर्च मारून कड दिसते का बघायचं. बाई म्हणाल्या, तुम्ही ठरवा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणालो, मऊ. रोज रडवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा रडवलेलं बरं.

९ सप्टेंबर

टॉर्च मारला. कड दिसली. आहे, जागेवर आहे. दहा मिनिटं रडली.

१८ सप्टेंबर

लेन्स धुण्याचा दिवस. काढायला दोन मिनिटं, घालायला पाऊण तास. ठमी आधी लाल झाली, मग जांभळी, मग आवाजच बंद. श्वास घेतला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चौथ्यांदा बसली.

झाल्यावर ही न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. बराच वेळ. नळाखाली बादली नव्हती, आवाजावरून कळत होतं. मी दारापर्यंत गेलो, परत आलो.

सासूबाई मदतीला येऊन राहिल्यात. त्यांनी ठमीला घेतलं आणि थोपटत थोपटत मला ऐकवलं, "एवढ्याशा जिवाला किती छळाल, जावईबापू?" मी काय हौसेने छळतोय?

१९ सप्टेंबर

ठमीने आज मला पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी काहीच केलं नव्हतं. दुकानातून आलो होतो.

२२ सप्टेंबर

रोज तेच. आजीकडे बघून हसते. आईकडे बघून हातपाय नाचवते. शेजारच्या टक्कलवाल्या काकांना तर हुंकारसुद्धा देते. मी पाळण्यावर वाकलो की खालचा ओठ बाहेर येतो, थरथरतो, आणि मग सुरू! सासूबाई म्हणतात, पोरं वास ओळखतात. ही म्हणते, मनावर घेऊ नकोस. मी म्हणतो, नाही घेत.

घेतो. खूप घेतो. आज एका गिऱ्हाइकाचा फोन उघडला तर पडद्यावर त्याच्या मुलीचा फोटो, बापाचं नाक धरलेला. दुरुस्त झाल्यावरही दोनदा बघितला.

२६ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आलीय. कुणाला सांगणार नाही. पट्टी लावलेली असली की मी आलेलो ठमीला कळत नाही. डाव्या डोळ्याने अजून तिला काही ओळखू येत नाही. मी न बोलता हळूच उचलून घेतो आणि ती माझ्या मांडीवर गुपचूप पडून राहते. बोट दिलं तर धरते. आज अर्धा तास धरलं होतं. पट्टी काढायची वेळ झाली तरी मी दहा मिनिटं जास्त बसलो.

पोरीला दिसत नाही तेवढा वेळ ती माझी. असा विचार करणारा बाप मेलेला बरा.

२ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा धुतली. सहाव्या खेपेला बसली. माझ्या नखाने पापणीखाली ओरखडा उठला. हिने ओल्या कापसाने पुसून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर

आज टॉर्च मारला नाही.

हातात घेतला होता. ठमी नुकती शांत झाली होती. नुसतं टॉर्चचं बटण वाजलं तरी तिने अंग चोरलं. चार महिन्यांचं पोर अंग चोरतं! मी टॉर्च खिशात ठेवला. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, आहे का? मी म्हणालो, आहे, जागेवर आहे. काल होती, आज कुठे जाणार.

७ ऑक्टोबर

आहे, जागेवर आहे. (पाहिलं नाही.)

९ ऑक्टोबर

घरात किती शांत वाटतंय! ठमी पट्टीलाही रडत नाही आता. लावली की थोडा वेळ चुळबुळ करते आणि झोपते. सासूबाई म्हणाल्या, शहाणी झाली पोर. हिने आज कितीतरी दिवसांनी केस विंचरून वेणी घातली. मी ठमीला मांडीवर घेऊन तासभर बसलो. शिट्टीसुद्धा वाजवली. चाल चुकली पण तिने तक्रार केली नाही.

१४ ऑक्टोबर

तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला. पुन्हा टाकला. मग लेन्सवाल्या बाईंना बोलावलं. दोघी वाकून बघत होत्या आणि मला आधीच कळलं होतं.

"लेन्स कुठाय?" त्यांनी विचारलं.

डोळ्यात नव्हती.

कधीपासून नाही, हे कोणालाच सांगता येईना. मी शेवटची खरी कधी पाहिली? ४ ऑक्टोबरला. म्हणजे दहा दिवस. दहा दिवस रोज चार तास आम्ही तिचा दिसणारा डोळा बंद करत होतो आणि दुसऱ्या डोळ्यात काहीच नव्हतं. ती शहाणी झाली नव्हती. तिच्यासमोर नुसतं धुकं होतं, म्हणून झोपत होती. आणि मी शिट्टी वाजवत होतो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे दिवस परत मिळत नाहीत हो." त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिली असती तर चाललं असतं.

हिने त्यांना सांगितलं, आम्ही रोज बघत होतो. माझ्या भरवशावर सांगितलं. मी खाली फरशी बघत उभा राहिलो.

१५ ऑक्टोबर

दुकान बंद ठेवलं. घर उलथंपालथं केलं. पाळण्याच्या गादीची, उशीची शिवण उसवली. झाडू नाही मारला, हाताने चाचपून बघितलं. दुपारी ठमीच्या लोकरी टोपीच्या आतल्या बाजूला सापडली. वाळून चुरगळलेली, कांद्याच्या सालीचा तुकडा वाटावा तशी. हातात घेतली तर मोडली.

सापडून तरी काय करणार होतो?

१६ ऑक्टोबर

हिला सांगायचं आहे. धीर होत नाही.

१७ ऑक्टोबर

बाईंनी पुन्हा विचारलं, मऊ की टणक? या वेळी मी एकट्यानेच उत्तर दिलं. टणक. रोज घालायची, रोज काढायची. रोज रडेल. पण रोज संध्याकाळी ती माझ्या तळहातावर असेल, दोन्ही बाजूंनी बघता येईल. माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर सोडण्याची ती वस्तू नव्हे.

डोळ्यात पिवळं औषध टाकून, निळ्या उजेडात माप घेतलं. ठमी रडली. मी डोकं धरलं होतं. बनून यायला आठ दिवस. तेवढे आठ दिवस पट्टी नाही आणि लेन्स नाही. म्हणजे आणखी आठ वाया.

२५ ऑक्टोबर

आली. वाटाण्याच्या सालाएवढी. सोबत एक रबरी चोखणी, लेन्सला टेकवून ओढायची, की बाहेर. सकाळी घालताना वीस मिनिटं, संध्याकाळी काढताना पाच. आता दिवसातून दोनदा तिचा वैरी.

३१ ऑक्टोबर

चोखणी बघितली की किंचाळते. मला बघितलं की त्याहून जास्त. म्हणजे वैरी म्हणून बढती चोखणीला नाही, मलाच मिळाली.

८ नोव्हेंबर

सांगितलं.

ठमीच्या कपड्यांच्या घड्या घालत होतो दोघं. मी म्हणालो, त्या दिवसांत मी टॉर्च मारलाच नव्हता. खोटं सांगत होतो तुला. ती झबल्याची घडी घालत राहिली. एक झालं, दुसरं घेतलं. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. टॉर्च मारला की ती रडायची. त्या दिवसांत आवाजच आला नाही."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"शांत होतं रे घर. मला वाटलं, राहू दे दोन दिवस."

मग आम्ही उरलेल्या घड्या घातल्या. कोण कोणावर रागावणार? दोघांनीही तिच्यावर दया केली होती. अशी दया वैऱ्यानेही करू नये.

१९ नोव्हेंबर

लेन्स घातली १२ मिनिटांत. पट्टी पाच तास.

२४ नोव्हेंबर

तपासणी. चांगला डोळा झाकून ठमीसमोर पट्ट्यापट्ट्यांची पाटी धरतात. दिसल्या तर मूल तिकडे बघतं. ठमीने पाटीकडे बघितलं नाही, दिव्याकडे बघितलं. पुन्हा धरली. तिने जांभई दिली.

"सांगता येत नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, त्या दहा दिवसांमुळे का? त्या म्हणाल्या, तसं कुणी सांगू शकणार नाही. आणखी काय करू? आहे तेच करा. कधीपर्यंत? त्यांनी खांदे उडवले नाहीत, पण उडवल्यासारखंच होतं.

फोन असता तर उघडून बघितला असता. कुठली तार तुटली ते तरी कळतं.

२ डिसेंबर

पट्टीच्या वेळात तिला मांडीवर घेणं मी बंद केलं होतं. लाज वाटायची. आज हिनेच आणून ठेवली. म्हणाली, घे, नाहीतरी तिला कळत नाही कोण आहे ते. चांगल्या मनाने म्हणाली. ठमीने माझं बोट धरलं आणि समोर कुठेतरी बघत राहिली. मी तिच्या तोंडापुढे दुसरा हात हलवला. एकदा, दोनदा. काही नाही.

तरी तासभर बसलो. तिने बोट सोडलं नाही. तेवढं मला पुरत होतं, हेच वाईट.

७ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. घातली, काढली, धुतली. रडली.

११ डिसेंबर

दुपारी जेवायला घरी आलो. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात लेन्स, ठमी पाळण्यात जागी. बूट बाहेरच काढले होते. तोंडातून शब्द काढला नाही, हातही लावला नाही. नुसता वाकलो, उचलून घ्यायला.

तिने माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि भोकाड!

मी मागे सरकलो. ही वाकली, तर गप्प. मी वाकलो, पुन्हा भोकाड. हिने डोळ्यांतलं पाणी न पुसताच मला ढकललं, "पुन्हा वाक, पुन्हा!" पाच वेळा वाकलो. पाचही वेळा रडली. मग सासूबाई आल्या आणि नातीला रडवतो म्हणून मला खोलीबाहेर काढलं.