भावकीचं सुतक

६ ऑक्टोबर १९४६, मेढा
पोचलो एकदाचा! सांगलीच्या विश्रामबागेतल्या कोंदट प्रयोगशाळेपेक्षा हा डोंगर शंभर पटींनी बरा. रंगूबाईंनी सोप्यालगतची खोली दिली, जेवणही त्यांच्याकडेच. त्यांचा मुलगा मानसिंग नुकताच पलटणीतून परतलाय. काम सरळ आहे: किडे पकडायचे, विषाच्या बाटलीत मारायचे, अंगावरच्या समान खुणा जुळवून त्यांचा वंशवृक्ष मांडायचा. तो नीट जमला तर कॉलेजातली नोकरी पक्की.

९ ऑक्टोबर
एका किड्याने डोकं उठवलंय. पंख चतुराचे, पाय नाकतोड्याचे, सोंड ढेकणाची. कुठल्या फांदीवर बसवू याला, माझ्या डोक्यावर? त्यात आज चूल बंद. रंगूबाई म्हणाल्या, सुतक हाय. कुणाचं विचारलं, तर बाटलीकडे बोट! तो म्हणे त्यांच्या भावकीतला. किड्यापायी मला शेजारची शिळी भाकरी. धन्य आहे!

१२ ऑक्टोबर
तसलाच दुसरा मारला, पुन्हा सुतक. परक्या माणसाला आमी काय बोलणार, एवढंच म्हणाल्या. अहो बाई, न मारता भिंगाखाली धरू कसा? चिडून दोन्ही नमुने परत तपासले. दोघांच्याही पुढच्या डाव्या पायाचं नख दुभंगलेलं, उजव्याचं नाही. सर सांगायचे, उपयोगाची खूण फसवते, ती कुणालाही येते. बिनकामाची विचित्र खूण दोघांत सापडली तर पूर्वज एकच. चला, धागा मिळाला!

१४ ऑक्टोबर
भाकरी वाढताना रंगूबाईंचा डावा अंगठा दिसला. नख मधोमध दुभंगलेलं. मानसिंगचंही तसंच. योगायोग असेल. असलाच पाहिजे.

१६ ऑक्टोबर
वंशवृक्ष फाडून टाकला. कुठूनही सुरुवात करा, तो किडा याच घरात येऊन बसतो. माझीच रीत माझ्या उरावर. खड्ड्यात गेली नोकरी, उद्या सकाळच्या गाडीने सांगली —

१७ ऑक्टोबर
मानसिंग म्हणाला, आज गाडी न्हाई. खोटं. मोटारीचा भोंगा मी ऐकला. भीती वाटते. डाव्या अंगठ्यात सारखा ठणका —

१८ ऑक्टोबर
नख फुटलं. मधोमध. रंगूबाईंनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी. आता तुमीबी भावकीतलं, म्हणाल्या. आन् भावकीतल्याचं भावकीच बघती.

१९ ऑक्टोबर, दुपार
चूल बंद. खिडकीतून दिसतं, रंगूबाई दारोदार सांगत फिरतायत, सुतक हाय. दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या, कुणी इकडे बघत नाही.
फळीवर विषाची बाटली नाही.
पण आज मी एकही मारला नाही. देवाशपथ, एकही नाही. मग सुतक —