श्रीलताला मारलेली हाक

१ डिसेंबर, सोमवार
शहाजी सरांचा नवा नियम! "खो-खोच्या मैदानावर फक्त मराठी. तेलुगू नाही, उर्दू नाही. बाजार भरल्यासारखं वाटतं." मोडेल ती बाकावर. आणि लक्ष कोणी ठेवायचं? मी! कॅप्टन ना.
मी "व्हय सर" म्हणाले. "व्हय नाही, हो," म्हणाले सर. सगळ्या हसल्या. इतका राग आला!

३ डिसेंबर
सराव अगदीच बेकार. आम्ही भवानी पेठेतल्या पोरी. श्रीलताच्या घरी तेलुगू, तहसीनच्या घरी उर्दू, आणि मी सांगोल्याकडची धनगराची. आमची रीत अशी, की जिला सावध करायचं तिच्या घरच्या बोलीत ओरडायचं. मी तहसीनला "पीछे!" श्रीलताला "येनका!" म्हणजे मागं. आणि तहसीन मला "मागं हाय गं!" — अगदी माझ्या आईसारखं. तेव्हा वाटतं, मी या शहराची आहे.
आता तोंड उघडायच्या आधी विचार करायचा. तेवढ्यात पोरगी बाद! श्रीलताला घाईत मराठी कळतच नाही. सारखी बाद होत होती. जाताना माझ्याशी बोलली नाही.

५ डिसेंबर
आप्पांचा फोन. "रविवारी निवड झाली तर हॉस्टेल. न्हाय झाली तर गावाकडं चल." मी इथं मामाकडं राहते. मामीला दिवस गेलेत, खोली एकच. मामीचंही चुकत नाही. पण गावात शाळा सातवीपर्यंत! माझी दहावी गेली म्हणायची. मग लग्नच.
रविवारी अकलूजला सामना, तिथं खेळाच्या हॉस्टेलसाठी निवड करणारे येणार. खांबाला धरून मी मारलेला सूर त्यांनी बघितला पाहिजे, बास. म्हणजे सर सांगतील तसं वागायचं. गपगुमान.

६ डिसेंबर
तहसीन म्हणते, "तू बोल ना सर को!" मी काय बोलू? मला धड "हो" म्हणता येत नाही.

७ डिसेंबर, रविवार
आधी पळती आमची. मी आणि श्रीलता एकाच तुकडीत. ती काय पळत होती! मग त्यांची उंच पोरगी खांबाकडून आली आणि हिला दिसलीच नाही. मी ओरडले, "मागे!" — सरांना हवं तसं शुद्ध. श्रीलता जागची हलली नाही. मी सरांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.
"येनका!" सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले. ती वाकली, निसटली, आणि वेळ संपेपर्यंत कुणाला सापडली नाही.
"सोनाली, आता बाकावर." संपलं. सूर मारायला मी उतरलेच नाही.
जिंकलो. बसमध्ये पोरींनी नुसता धिंगाणा घातला. मी खिडकीकडं तोंड करून रडले. पण परत वेळ आली तर तसंच ओरडेन.

१० डिसेंबर
यादी लागली. श्रीलता आहे. मी नाही. तिचा हेवा वाटला — लई! आप्पा परवा न्यायला येणार.

१२ डिसेंबर
आप्पा आले. माझी पिशवी भरलेली होती. इतक्यात श्रीलताची अम्मा दारात! विड्या वळायच्या सोडून आलेली, हाताला तंबाखूचा वास. आप्पांसमोर खालीच बसली. मराठी तोडकंमोडकं.
"माझी पोरगी हॉस्टेल जाते. घरात तिची जागा रिकामी. ही पोरगी द्या मला. दहावी करू दे."
आप्पा म्हणाले, "परक्याच्या घरात कशी ठिवू बाई? आमचं खाणं येगळं, बोलणं येगळं."
"परकी कशी? माझ्या पोरीला माझ्या बोलीत हाक मारते ही. मार खाल्ला त्याच्यासाठी."
मार नव्हता खाल्ला! मामीनं चहा ठेवला. आप्पांनी तो घेतला नाही, नुसते "बघू" म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. मला काही विचारलं नाही.

१३ डिसेंबर
सकाळच्या एसटीनं आप्पा गावी गेले. एकटेच!