सुनेची लॅब आणि माझी तक्रार

२ जून, सोमवार
घरात आलं: सोनमचा आणखी एक पांढरा कोट, ३५० रु. तिचे बंद बूट, ६०० रु. देवाला कंदी पेढे अर्धा किलो; देवाचा खर्च मी धरत नाही.
सोनम म्हणजे आमची सून. माहेर सांगली. एप्रिलपासून साताऱ्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली आहे. तीन महिने काम बघून महिनाअखेरीला कायम करणार म्हणे. लोकांचं रक्त-लघवी तपासायला सून आणली नव्हती. मीही मॅट्रिक आहे, पहिल्या झटक्यात. तिची नोकरी सुटलीच म्हणून समजा.

५ जून, गुरुवार
तिला बजावलं, त्या हातांनी देवघरातलं काही शिवायचं नाही. "बरं आत्या," म्हणाली. भांडतसुद्धा नाही. असली माणसं फार घातक.

१२ जून, गुरुवार
महिनाभर लय तहान लागतेय. सोनम मागेच लागली, उपाशीपोटी रक्त द्या. पूजा उरकून गेले. सुई टोचताना विचारते, "आत्या, काय खाल्लं न्हाईसा न्हवं?" न्हाई म्हटलं. देवापुढचे दोन पेढे घेतले होते, पण प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे.
संध्याकाळी रिपोर्ट: साखर २६१! माझ्यासारख्या नेमाधर्माच्या बाईला? मुद्दाम केलंय. सापडली!

१७ जून, मंगळवार
तिच्या वरच्या डॉक्टरीणबाईंना चार पानी तक्रार दिली. खोटे रिपोर्ट देते, कायम करू नये. अक्षर सुरेख आलं. बाई म्हणाल्या, उद्या दुसऱ्याकडून तुमची पुन्हा तपासणी करू, तिचं आजवरचं सगळं कामही तपासू. तपासा म्हटलं. चहा बिनसाखरेचा दिला. खोचकपणा!

२० जून, शुक्रवार
परवा प्रसादही न घेता गेले होते. (देवा, माफ कर.) तरी २१२. शिवाय गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एक तपासणी असते. त्याला म्हणे त्या दिवशीच्या खाण्यानं फरक पडत नाही. तीही वाईट. बाई म्हणाल्या, "सुनेनं वेळेवर धरलं, नशीबवान आहात." गोळ्या लिहून दिल्या. सगळे एकमेकांना सामील. बाकीचं काम तपासतील तेव्हा कळेलच.

३० जून, सोमवार
तपासलं. तीन महिन्यांत एक चूक नाही. इतकं बारकाईनं कुणाचं काम आजवर बघितलंच नव्हतं म्हणे, तक्रार आली म्हणून बघितलं. कायम तर केलीच, वर सांगलीच्या शाखेत लॅबची मुख्य. आमचा मुलगा राजवर्धनही निघाला, तिकडे बदली मागून.
शेजारची हरणाबाई दारातच म्हणाली, "आवं, अर्ज तुमी लिवला आन् बढती तिला व्हय? माझ्या सुनंसाठी पन लिवा की एक!"
तिच्याशी बोलणं बंद.

७ जुलै, सोमवार
घर शांत. बरंच झालं. सांगलीला टाकलेल्या पत्राची नक्कल:
"सोनम हिस, फोनवर मी तुझ्याशी बोलणार नाही, ते ठरलं आहे. राजवर्धनला विचारलं तर तो म्हणतो, सोनमला विचार. म्हणून विचारते, गरज म्हणून नव्हे. ती पांढरी गोळी जेवणाआधी की जेवणानंतर? ताट वाढून बसले आहे. उलट टपाली कळव."